गोल अडवला, पण हाताने!

2 जुलै 2010. दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग. फुटबॉल वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, घाना विरुद्ध उरुग्वे. 1-1 अशी बरोबरी आणि जादा वेळही संपत आलेली. घानाच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू थेट गोलमध्ये निघाला होता. गोलकीपर केव्हाच चकला होता. पण गोलरेषेवर उभा होता उरुग्वेचा लुईस सुआरेझ. त्याचं काम गोल करायचं, अडवायचं नव्हे! त्याने सरळ दोन्ही हातांनी चेंडू बाहेर ढकलला.

आता तुम्हीच पंच आहात. काय शिक्षा द्याल?

पंचांनी नियमाप्रमाणे सुआरेझला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढलं आणि घानाला पेनल्टी किक दिली. असामोआ ग्यान धावत आला, जोरात किक मारली आणि चेंडू वरच्या दांडीला लागून बाहेर! बाहेर निघालेला सुआरेझ आनंदाने नाचायला लागला. मग शूटआउटमध्ये उरुग्वे 4-2 असं जिंकलं. तोपर्यंत आफ्रिकेतला एकही संघ वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये पोचला नव्हता. घाना अगदी दारात जाऊन परत आला.

नियम पाळला गेला, तरी घानावर अन्यायच झाला, असं मला अजूनही वाटतं. कारण त्यांचा हिरावला होता गोल आणि परत मिळाली फक्त गोल करण्याची संधी.

पण पेनल्टी किक नव्हतीच, तेव्हा काय व्हायचं ते ऐका. फेब्रुवारी 1891 मध्ये इंग्लंडमधल्या एफए कपच्या सामन्यात नॉट्स काउंटीच्या खेळाडूने गोलरेषेवर अस्साच हाताने चेंडू अडवला. समोरच्या स्टोक संघाला मिळाली साधी फ्री किक, तीही गोलच्या अगदी तोंडाशी. गोलकीपर चेंडूला चिकटूनच उभा राहिला! चेंडू आत जाणार कुठून? स्टोक 1-0 ने हरलं.

यावरचा उपाय आधीच कुणीतरी सुचवून ठेवला होता. आयर्लंडमधल्या मिलफर्ड गावचा विल्यम मॅक्रम. आणि तो स्वतः कोण होता, माहितीये? गोलकीपर! आपल्यालाच जड जाणारा नियम त्याने मागितला. आधी लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं. सभ्य खेळाडू मुद्दाम फाउल करतातच कुठे, असं त्यांचं म्हणणं. पण जून 1891 मध्ये नियम आला. गोलपासून 12 यार्डांवरून, म्हणजे साधारण 11 मीटरवरून, किक. जोरदार मारलेला चेंडू तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत गोलपाशी पोचतो. चेंडू कुठे जातोय ते नीट बघून मग झेपावायला गोलकीपरला वेळच उरत नाही.

रग्बीवाले आणखी एक पाऊल पुढे गेलेत. फाउल झाला नसता तर बहुधा ‘ट्राय’, म्हणजे रग्बीतला गोलच म्हणा ना, झालाच असता, असं पंचांना वाटलं की ते थेट 7 गुण देऊन टाकतात. हा नियम फुटबॉलमध्ये असता, तर?

आता आपल्या गल्लीत या. बॉल शेजारच्या गच्चीवर गेला, तर मारणारा आऊट आणि बॉल आणायचा तोही त्यानेच. बघा, इथे दोन दंड आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं! आऊट कशासाठी? पुन्हा तसा उंच फटका मारू नये म्हणून. बॉल आणायचा कशासाठी? झालेलं नुकसान भरून यावं म्हणून. कायद्यातही हे दोन प्रकार दिसतात. हेल्मेट न घालणाऱ्याने कुणाचं काही घेतलेलं नसतं, तरी त्याला दंड होतो. तो धाक म्हणून. गाडी ठोकून कुणाचं नुकसान केलं, तर मात्र भरपाई द्यावी लागते.

धाक नेहमी बसतोच असं नाही हं! इस्राएलमधल्या हैफा शहरात उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अभ्यासकांनी दहा पाळणाघरांमध्ये एक प्रयोग केला. संध्याकाळी काही पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि बाई बिचाऱ्या ताटकळत बसायच्या. मग दहापैकी सहा पाळणाघरांनी दंड लावला. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर 10 शेकेल.

उशीर कमी झाला असेल ना? उलट, उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले! आधी पालकांना बाईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं. आता त्यांना वाटायला लागलं, पैसे भरतोय ना, मग झालं तर. दंडाचं भाडं होऊन बसलं. आणखी नवल म्हणजे पुढे दंड बंद केला, तरी उशीर कमी झाला नाही. गेलेला संकोच परत आला नाही.

मग दंड किती असावा? शंभर रुपये एकाला जेवणाइतके मोलाचे असतात, तर दुसऱ्याला त्यांचं काहीच वाटत नाही. फिनलंडने यावर एक युक्ती काढली आहे. फार वेगाने गाडी चालवली, तर तिथला दंड माणसाच्या कमाईवर ठरतो. 2002 मध्ये नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगाने मोटरसायकल चालवल्याबद्दल दंड झाला 1 लाख 16 हजार युरो! नंतर त्याची कमाई घटल्याचं दिसलं, तेव्हा त्याच हिशेबाने दंडही खूप कमी करण्यात आला.