पाऊस कसा मोजतात?

- पर्जन्यमापक : पाऊस मोजण्याचे उपकरण. झाडे आणि इमारतींपासून दूर, मोकळ्या जागी बसवतात.
- एकक : मिलिमीटर (मिमी). १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटर सपाट जागेवर १ लिटर पाणी.
- नोंद : रोज सकाळी ८.३० वाजता. नरसाळ्यातून बाटलीत साठलेले पाणी खुणा केलेल्या मोजपात्रात ओतून मोजतात. आकडा मागील २४ तासांचा असतो.
- पावसाचा दिवस : २४ तासांत किमान २.५ मिमी पाऊस.
- मुसळधार : ६४.५ ते ११५.५ मिमी.
- अतिमुसळधार : ११५.६ ते २०४.४ मिमी.
- अत्यंत मुसळधार : २०४.४ मिमीपेक्षा जास्त.
- लक्षणीय नोंद : २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी.