गोंधळ : तुळजाभवानीच्या परंपरेतील विधिनाट्य आणि त्याचा प्रेक्षक

बीजशब्द : गोंधळ, विधिनाट्य, तुळजाभवानी, कदमराई गोंधळी, पूर्वरंग, उत्तररंग, यजमान, सेंद्रातारी.

प्रस्तावना

आजच्या मराठीत ‘गोंधळ’ हा शब्द बहुधा अव्यवस्था या अर्थाने वापरला जातो. सभेत गोंधळ माजतो, परीक्षेच्या वेळापत्रकात गोंधळ होतो, विचारांचाही गोंधळ उडतो. मात्र गोंधळ या नावाचा जो कुलाचार महाराष्ट्रात शतकानुशतके चालत आला आहे, तो अत्यंत शिस्तबद्ध आहे. त्यात मांडणीचा क्रम ठरलेला आहे, आवाहनाचा क्रम ठरलेला आहे, कोणी काय करावयाचे हेही ठरलेले आहे. संबळाचा कडकडाट, झांजेचा नाद आणि ‘उदो उदो’चा गजर दुरून ऐकणाऱ्याला केवळ कोलाहल वाटतो, जवळ बसणाऱ्याला त्यातील रचना कळू लागते.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे या विधिनाट्याचे एक मुख्य पीठ होय. प्रस्तुत लेखात गोंधळाची रचना कशी असते, त्यात देवता, गोंधळी व यजमान यांचे परस्परसंबंध कोणते, आणि हे नाट्य विधीच्या चौकातून रंगमंचावर आले असता त्यातील काय टिकते व काय गळून पडते, याचा विचार केला आहे. तुलनेसाठी जावा बेटावरील प्रांबानन मंदिराच्या सान्निध्यात होणाऱ्या रामायण नृत्यनाट्याचा आधार घेतला आहे.

तुळजापूर : देवतेचेच नाट्य

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले तुळजाभवानीचे मंदिर महाराष्ट्रातील असंख्य कुळांचे कुलदैवत आहे. देवी महिषासुरमर्दिनी रूपात असून तिची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलविता येते. या एका वैशिष्ट्यामुळे तुळजापूरच्या पूजाविधीला नाट्याचे रूप प्राप्त झाले आहे. वर्षातून तीन वेळा देवी सिंहासन सोडून पलंगावर निद्रा घेते. शारदीय नवरात्रापूर्वी ती निद्रेत असते; घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते; नऊ दिवस महिषासुराशी युद्ध चालते; विजयादशमीच्या पहाटे तिला साड्यांमध्ये गुंडाळून पालखीतून सीमोल्लंघनासाठी बाहेर आणले जाते. युद्धाने थकलेली देवी त्यानंतर कोजागिरी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. तिसरी निद्रा पौष महिन्यातील शाकंभरी नवरात्रापूर्वी असते. सीमोल्लंघनाची पालखी आणि पलंग अहिल्यानगर जिल्ह्यातून वाजतगाजत येतात. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे मान आहेत.

निद्रा, जागृती, संग्राम, विजय आणि विश्रांती असा हा सलग कथाभाग आहे. तो कोणी नट रंगवीत नाही. मूर्तीच्या हालचालींतून तो प्रत्यक्ष घडतो. पुजारी, मानकरी, आराधी, गोंधळी आणि यात्रेकरू हे सर्व या नाट्यातील सहभागी आहेत. मंगळवारी व पौर्णिमेच्या सुमारास निघणाऱ्या छबिन्यातही संबळाच्या साथीने देवीची मिरवणूक मंदिराला प्रदक्षिणा घालते. गोंधळ समजून घ्यावयाचा असेल तर ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. गोंधळी जेव्हा देवीच्या पराक्रमाचे आख्यान लावतो, तेव्हा समोर बसलेल्या भाविकाला ती दूरच्या काळातील कथा वाटत नाही. देवीचा संग्राम दरवर्षी आश्विनात घडतो, हे त्याने पाहिलेले असते.

गोंधळी आणि त्यांची परंपरा

गोंधळ्यांचे कदमराई आणि रेणुराई असे दोन मुख्य भेद मानले जातात. कदमराई गोंधळी तुळजापूरच्या भवानीचे उपासक, तर रेणुराई गोंधळी माहूरच्या रेणुकेचे उपासक होत. गळ्यात कवड्यांची माळ, अंगात पायघोळ झगा, डोक्यावर पगडी, कपाळी कुंकू आणि पायांत घुंगरू असा त्यांचा वेश असतो. संबळ, तुणतुणे व झांज ही त्यांची वाद्ये आणि दिवटी हे त्यांचे उपास्य साधन. संबळ हे लहानमोठ्या दोन भांड्यांचे जोडवाद्य असून ते कमरेला बांधून काठ्यांनी वाजवितात. लहान भांड्याचा उंच स्वर आणि मोठ्याचा घुमारा यांच्या मेळातून जो ठेका निर्माण होतो, तोच गोंधळाचा प्राण होय.

गोंधळाच्या उत्पत्तीविषयी परंपरेत एक कथा सांगितली जाते. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या शिरापासून वाद्य तयार केले आणि ते वाजवीत माता रेणुकेला वंदन केले. तोच पहिला गोंधळ. ग्रंथांतील उल्लेख वेगळ्या दिशेने जातात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात ‘गौंडली’ या नृत्यप्रकाराचे वर्णन आढळते. काकतीय राजा गणपतिदेव याचा गजसेनापती जाय याच्या ‘नृत्तरत्नावली’तही या नृत्याची माहिती असून, त्याचा संबंध कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्याशी जोडलेला आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. गौंडली आणि गोंधळ यांचा सांधा काही अभ्यासकांनी जोडला आहे. त्याविषयी मतभेद संभवतात. तथापि या परिसरात देवीपूजा आणि नृत्य यांची सांगड किती जुनी आहे, हे या उल्लेखांवरून लक्षात येते.

संत एकनाथांनी गोंधळाचा आकृतिबंध भारुडांसाठी स्वीकारला आणि त्यातून अध्यात्म सांगितले. सोळाव्या शतकात हा विधी जनसामान्यांच्या इतक्या परिचयाचा होता, की रूपक म्हणून तो चटकन कळावा. पुढे पोवाडे गाणारे व मुखपरंपरेने जपणारे म्हणूनही गोंधळ्यांनी मोठे कार्य केले. एच. ए. ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी अशीच गायकांची मौखिक परंपरा होती.

गोंधळाची मांडणी आणि पूर्वरंग

लग्न, मुंज यांसारख्या मंगल कार्यानंतर किंवा नवस फेडण्यासाठी गोंधळ घातला जातो. तो यजमानाच्या अंगणात घालतात, तसाच तुळजापूरला येऊन देवीच्या सान्निध्यातही घालतात. पाटावर नवे वस्त्र किंवा चोळखण अंथरून त्यावर धान्याची रास घालतात. राशीवर पाण्याने भरलेला कलश, त्यात सुपारी, हळकुंड व नाणे, मुखाशी विड्याची पाने आणि वर नारळ अशी घटाची मांडणी असते. भोवती उसाची किंवा ज्वारीची पाच ताटे उभी करून त्यांचे शेंडे एकत्र बांधतात. शेजारी दिवटी पेटविली जाते. ज्वारीच्या ताटांचे हे मखर या भूप्रदेशाची खूण आहे. शेतात जे पिकते तेच देवीचे देवघर बनते.

यानंतर आवाहन सुरू होते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, अशी एकेका स्थानाची व दैवताची नावे घेऊन त्यांना गोंधळाला येण्याची विनंती केली जाते. धाराशिव परिसरातील गोंधळात येरमाळ्याच्या येडेश्वरीला विसरून चालत नाही. यजमानाच्या कुळाचे व गावाचे दैवतही या नामावळीत येते. ज्या काळी नकाशे सामान्यांच्या हाती नव्हते, त्या काळी या आवाहनातून श्रोत्याला महाराष्ट्राचा आणि शेजारच्या प्रदेशाचा दैवतनिहाय परिचय होत असे. आवाहन, गण, देवीस्तुती आणि पदे यांनी पूर्वरंग सिद्ध होतो. आमंत्रित दैवते चौकात येऊन बसली आहेत, अशी श्रद्धा येथून पुढे गृहीत असते.

उत्तररंग : एका उपरण्यात अनेक पात्रे

उत्तररंगात आख्यान लावले जाते. मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, कथा सांगतो, गातो आणि नाचतो. साथीदार त्याला मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, चुकीचा अर्थ लावून हशा पिकवितो. या प्रश्नोत्तरांतून गद्य निरूपण पुढे सरकते आणि मोक्याच्या जागी पुन्हा पद व संबळ उसळतो. वेशांतर जवळजवळ नसतेच. उपरणे डोक्यावरून घेतले की गोंधळी राणी होतो, खांद्यावर टाकले की राजा, कमरेला कसले की सैनिक. हरिश्चंद्र, चिलया बाळ, रेणुका-परशुराम, जांभूळ आख्यान अशा अनेक कथा या परंपरेत आहेत. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची ओढ प्रकट करणारे जांभूळ आख्यान लोकप्रतिभेच्या निर्भयतेचा उत्तम नमुना आहे. देवीसमोर बसून अशी कथा ऐकण्यात श्रोत्यांना संकोच वाटत नाही.

आख्यान लिखित संहितेवर चालत नाही. नाईकाच्या स्मरणात कथेचा सांगाडा आणि पदे असतात. बाकीचे तो श्रोते पाहून रचतो. यजमानाच्या घरातील माणसांची नावे, गावातील घडामोडी, त्या वर्षीचा पाऊस यांचा धागा तो कथेत विणतो. म्हणून एकच आख्यान दोन अंगणांत सारखे होत नाही. पहाटे आरतीने व विसर्जनाने समाप्ती होते. आलेल्या दैवतांना निरोप दिला जातो.

या रचनेत यजमानाचे स्थान महत्त्वाचे आहे. तो निमंत्रक आहे, पूजक आहे आणि कथेचा श्रोताही आहे. गोंधळी त्याच्या वतीने देवीशी बोलतो. गोंधळाचा खरा प्रेक्षक मात्र घटावर बसलेली देवी आहे. माणसे तिच्या पंगतीला बसलेली आहेत.

जावामधील एक तुलना

इंडोनेशियातील जावा बेटावर योग्यकार्ता शहराजवळ प्रांबानन हे नवव्या शतकातील भव्य हिंदू मंदिरसंकुल आहे. १९९१ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तेथील शिव व ब्रह्मा मंदिरांच्या कठड्यांवर रामायणाची शिल्पमाला कोरलेली आहे. या मंदिरांच्या पार्श्वभूमीवर १९६१ पासून रामायण नृत्यनाट्याचे प्रयोग होतात. या प्रकाराला ‘सेंद्रातारी’ म्हणतात. कला, नाट्य व नृत्य या अर्थाच्या तीन शब्दांपासून हे नाव घडविलेले आहे. त्यात संवाद नसतात. गामेलान वाद्यवृंद, गायन आणि अभिनय यांतूनच कथा उलगडते, त्यामुळे जावी भाषा न जाणणाऱ्या पाहुण्यालाही ती समजते. कलावंतांपैकी पुष्कळजण धर्माने मुस्लिम आहेत आणि रामकथा त्यांना आपला सांस्कृतिक वारसा वाटते, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे.

सेंद्रातारीची निर्मितीच प्रेक्षकासाठी झाली. जुन्या दरबारी नृत्यनाट्याला तिने आटोपशीर, सुबोध रूप दिले. आज तेथे संपूर्ण रामकथा एका प्रयोगात संक्षेपानेही दाखवितात. त्यात विधीचा भंग होत नाही, कारण तो प्रयोग मुळात विधी नाही. गोंधळाशी जवळचे नाते सांगणारा जावी प्रकार वेगळा आहे. ‘रुवतान’ या विधीत, अनिष्टाच्या छायेत असल्याचे मानलेल्या मुलाच्या रक्षणासाठी त्याचे कुटुंब छायाबाहुल्यांचा खेळ करविते. काळ या भक्षक देवतेची कथा सांगणारा तो खेळ होय. तेथेही यजमान आहे, संकल्प आहे आणि कथा हीच शांती आहे. जावाने या दोन्ही प्रकारांसाठी स्वतंत्र नावे व स्वतंत्र जागा ठेवल्या, हा या तुलनेतील मुख्य बोध होय.

रंगमंचावरील गोंधळ

महाराष्ट्रात मात्र विधी आणि प्रयोग या दोहोंना ‘गोंधळ’ हे एकच नाव आहे. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांच्यासारख्या कलावंतांनी ही कला अंगणाबाहेरच्या रसिकांपर्यंत नेली. शाहीर विठ्ठल उमप यांनी जांभूळ आख्यान रंगभूमीवर गाजविले. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थांत अशा कलांचे शिक्षण मिळू लागले. या प्रवासाने कलेला प्रतिष्ठा दिली आणि आख्यानाचे नाट्यगुण शहरी प्रेक्षकाला दाखविले, हे मान्यच केले पाहिजे.

अडचण दुसरीकडे आहे. सांस्कृतिक महोत्सवात गोंधळाला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. मंगल कार्यालयातही जेवणावळी व परतीच्या गाड्या यांच्या वेळेत तो बसवावा लागतो. अशा वेळी प्रथम कात्री लागते ती उत्तररंगाला. वेश राहतो, संबळ राहतो, दिवटीचे नृत्य राहते, एखादे लोकप्रिय पद राहते, आख्यान जाते. आख्यानाबरोबर साथीदाराचे प्रश्न जातात, विनोद जातो आणि गद्य निरूपणाची बोलीही जाते. पदे ध्वनिमुद्रित होतात; रात्रभर चालणारे निरूपण क्वचितच होते. ज्या आख्यानाला मागणी नाही ते पुढच्या पिढीतील गोंधळी शिकत नाही, आणि वडिलांबरोबर ते लुप्त होते. गोंधळी समाजाचा समावेश राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. नव्या पिढीने शिक्षण व नोकरी यांकडे वळणे स्वाभाविक व इष्टच आहे. त्यामुळे जतनाचा सर्व भार त्यांच्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही.

समारोप

गोंधळाचे जतन म्हणजे केवळ वेशभूषा व वाद्ये यांचे जतन नव्हे. या विधिनाट्याचा गाभा यजमान, गोंधळी आणि देवता यांच्या नात्यात आहे, आणि त्या नात्याला वाचा देणारे आख्यान हे त्याचे सर्वांत नाजूक अंग आहे. रंगमंचासाठी आटोपशीर प्रयोग अवश्य व्हावेत. प्रांबाननच्या प्रयोगांनी त्याची उपयुक्तता दाखविली आहे. परंतु त्या प्रयोगालाच संपूर्ण गोंधळ समजण्याची चूक होऊ नये. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यातील गोंधळ्यांकडून संपूर्ण आख्याने, प्रश्नोत्तरे व निरूपणासह, त्यांच्या संमतीने आणि योग्य मानधन देऊन ध्वनिचित्रमुद्रित केली, तर ते कार्य आवाक्यातील आहे. तसेच तुळजापूरला कुलाचारासाठी येणाऱ्या कुटुंबांनी निदान एक आख्यान शेवटपर्यंत ऐकण्याइतका वेळ दिला, तर गोंधळ्याला ते पाठ ठेवण्याचे कारण उरेल. आख्यान टिकते ते ऐकणाऱ्यामुळे.