औद्योगिक वसाहत : कशासाठी, कोणासाठी?

'एमआयडीसी' हा शब्द आपल्या घराघरांत रोजचा झाला आहे. कोणी तेथे पाळी करतो, कोणी कंत्राटदाराकडे हजेरीवर आहे. पण ही वसाहत उभी कशी राहते, हे आपल्या कुटुंबांना क्वचितच कोणी समजावून सांगते. म्हणून आमचा हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. कारखान्यांची मुंबईत दाटी झाली होती. उद्योग जिल्ह्याजिल्ह्यांत पसरावेत, हा हेतू. ठाण्याची वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड. पुढे वाळूज, बुटीबोरी अशा वसाहती झाल्या.

महामंडळ जमीन संपादन करते, रस्ते व पाणी आणते, भूखंड पाडते आणि ते सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. एकट्या कारखान्याला धरण परवडत नाही. ठाणे जिल्ह्यातील बारवी धरण महामंडळाचेच आहे. सांडपाण्यासाठीही अनेक कारखान्यांत मिळून सामायिक प्रक्रिया केंद्र असते. खर्च वाटला जातो, म्हणून लहान उद्योजकही उभा राहू शकतो.

शेतीवरील जादा माणसांना उद्योगात काम मिळाले पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९१८ सालीच शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरील निबंधात मांडले होते. विचार आजही खरा आहे. पण हिशेब नीट पाहिला पाहिजे. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो. त्याच रानात खुरपणी करणाऱ्या भूमिहीन बाईची मजुरी मात्र बुडते. कारखाना व वस्ती यांत मोकळा पट्टा राखणे हा नियोजनाचा पहिला नियम. डोंबिवलीत घरे कारखान्यांना जाऊन भिडली. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. कामगार दगावले, आसपासच्या घरांच्या काचाही फुटल्या.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या भागात नवी वसाहत येणार असेल आणि पर्यावरणाची जनसुनावणी जाहीर झाली, तर जरूर जा. कोणते रसायन, सांडपाणी कोठे, वस्तीपासून अंतर किती, हे विचारा आणि आपले म्हणणे लेखी द्या. कामावर असाल तर भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक व ईएसआयचे कार्ड मागून घ्या. आयटीआय झालेल्या मुलांनी नोकरीवरच थांबू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी भूखंड राखीव ठेवण्याची तरतूद आहे, तिची चौकशी महामंडळाच्या कार्यालयात करावी.

वसाहतीच्या फाटकातून आपण कामगार म्हणून आत जातोच. तिच्या नकाशावरही आपले लक्ष असले पाहिजे.