बाबांचं दुसरं लग्न आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव

सैन्यातला जवान साधारण चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. पुढे तीस-पस्तीस वर्षं तो पेन्शनर म्हणून जगतो. एवढ्या काळात संसारात बरंच काही घडतं. पत्नीचं निधन होतं, कधी घटस्फोट होतो आणि कधी पुन्हा लग्नही होतं. उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या आपल्या वस्त्यांमध्ये खानदेशातून आलेली, घरात एखादे फौजी काका असलेली कुटुंबं आहेत. त्यांच्यापैकी कुणी साठीला दुसरं लग्न केलं, की चर्चा होते ती ‘या वयात कशाला’ याची. नव्या पत्नीचं नाव पेन्शनच्या कागदांवर चढलं का, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि पुढे तिचं घर चालणार असतं ते त्या नावावरच.

हक्क आहे का?

आहे, पण तो आपोआप मिळालेला नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या जुन्या नियमांमध्ये ‘कुटुंब’ म्हणजे निवृत्तीपूर्वी लग्न झालेली पत्नी आणि निवृत्तीपूर्वी झालेली मुलं, अशी व्याख्या होती. भगवंती विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ही अट रद्द ठरवली. लग्न निवृत्तीच्या आधी झालं की नंतर, यावरून दोन विधवांमध्ये भेद करायला काहीही सयुक्तिक कारण नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याआधी १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्यात, पेन्शन ही सरकारची मेहरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असा निकाल आला होता. म्हणून तर १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळला जातो.

रक्कम किती?

समजा, एका हवालदार काकांचा शेवटचा पगार पेन्शनच्या हिशेबासाठी ४०,००० रुपये धरला आहे. त्यांच्या पश्चात पत्नीला साधारण कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये मिळेल. त्यावर महागाई भत्ता वेगळा. सुरुवातीला वाढीव दर असतो, ५० टक्के, म्हणजे २०,००० रुपये. मात्र निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर हा वाढीव दर सात वर्षं किंवा मृत व्यक्तीला ६७ वर्षं पूर्ण झाली असती तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच. काका ६३ व्या वर्षी गेले तर वाढीव दर चार वर्षं, पुढे १२,००० वर. काका सत्तरीत गेले तर पहिल्या महिन्यापासूनच १२,०००. यासाठी काकांच्या पेन्शनमधून दरमहा काहीही कापलं जात नाही.

अमेरिकेत असं नाही. तिथे निवृत्त सैनिकाला पत्नीसाठी दरमहा हप्ता भरावा लागतो, पत्नीला निवडलेल्या रकमेच्या ५५ टक्के मिळतात आणि पुनर्विवाह झाल्यास एका वर्षाच्या आत निर्णय कळवावा लागतो. आपल्याकडे पैसे भरायचे नाहीत. वर्षाची घंटा डोक्यावर नाही म्हणून आपण निवांत राहतो, आणि गाडं तिथेच अडतं. नाव न चढवल्याने पत्नीचा हक्क बुडत नाही. पण तो सिद्ध करण्याचं सगळं ओझं नवरा गेल्यावर तिच्या एकटीवर येतं. कागद ज्यांच्या सहीने झटपट झाले असते, ते सही करायला उरलेले नसतात.

मुलांची धास्ती

नाव चढवायला उशीर होण्यामागे आळसाइतकाच मुलांचा अबोल विरोधही असतो. ‘आईच्या जागी दुसरं नाव?’ ही भावना समजण्यासारखी आहे. पण ‘आमच्या वाट्याचं जाईल’ ही भीती असेल तर ती निराधार आहे. पंचवीस वर्षांवरच्या कमावत्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतच नाही. नाव नाही चढवलं तर ते पैसे मुलाकडे येत नाहीत, सरकारकडेच राहतात. आणि पहिल्या, दिवंगत पत्नीचं एखादं मूल खरोखर पात्र असेल, म्हणजे लहान असेल किंवा अपंगत्वामुळे कमावू शकत नसेल, तर त्याच्या आईचा वाटा त्याला मिळावा अशी तरतूद नियमांत आहे.

घर, जमीन, ठेवी यांचा प्रश्न वेगळा. त्यासाठी मृत्युपत्र करा. पेन्शन मात्र मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर घरातली निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

लग्न कायदेशीर हवं

पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न घेता केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे मुळातच रद्दबातल असतं. सोलापूरच्या एका सरकारी कर्मचाऱ्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. ते १९९६ मध्ये वारले. दोन्ही पत्नींनी आपसांत करार केला: निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा पहिलीला, मासिक पेन्शन दुसरीला. पुढे पहिली पत्नीही गेली, तेव्हा दुसरीने पेन्शन मागितली. २०२२ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, कारण लग्नच वैध नव्हतं. घरातल्या घरात केलेला समजूतदार करारही तिथे उपयोगी पडला नाही. अशा लग्नातल्या मुलांचा हक्क मात्र शाबूत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रामेश्वरी देवी खटल्यात सांगितलं आहे.

आणखी एक पेच. नवी पत्नी आधीच विधवा असेल आणि तिला पहिल्या पतीचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर पुनर्विवाहानंतर ते सर्वसाधारणपणे बंद होतं. अपत्य नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या मर्यादेत सवलत आहे. ते पैसे वाचावेत म्हणून लग्न नोंदवायचंच नाही, असा मोह होतो. पण मग दुसऱ्या पतीच्या पश्चात तिच्याकडे लग्नाचा पुरावाच राहत नाही, आणि आधीची पेन्शन घेत राहणं नियमबाह्य ठरतं ते वेगळंच. लग्नाआधी दोघांनी बसून हा हिशेब मांडावा.

करायचं काय?

लग्न नंदुरबारला किंवा धुळ्याला लागलं असेल तर सुरतला परतण्यापूर्वी तिथेच नोंदणीचं काम उरका. मग विवाह प्रमाणपत्र, पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, दोघांचं आधार, पॅन आणि एकत्र फोटो घेऊन काकांच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. तिथे नोंद झाली की प्रयागराजचं संरक्षण पेन्शन कार्यालय दुरुस्त पीपीओ काढतं. पेन्शन ‘स्पर्श’ पोर्टलवर आलेली असेल तर तिथे लॉगिन करून पत्नीची माहिती तपासा. अर्ज कुठे अडला तर सुरतच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ईसीएचएस कार्डासाठी वेगळा अर्ज लागतो, तोही त्याच आठवड्यात करून टाका.

नावाकडे विशेष लक्ष द्या. गुजरातमधल्या कागदांवर ‘भाई’ आणि ‘बेन’ सहज चिकटतं. शाळेच्या दाखल्यावर ‘मंगला’, आधारवर ‘मंगलाबेन’, बँकेत माहेरचं आडनाव. माणसाला कळतं की बाई एकच आहे, पण संगणकाच्या लेखी त्या तीन बायका असतात. माझं रोजचं काम अशाच नोंदी जुळवणाऱ्या प्रणालींचं आहे, म्हणून ठामपणे सांगतो: एका अक्षराच्या फरकानेही अर्ज परत येऊ शकतो. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं.

बहुतेक घरांत काकांचा ‘स्पर्श’चा पासवर्ड मुलाच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये असतो. म्हणजे हे काम प्रत्यक्षात आपल्याच पिढीच्या हातात आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला भराल, तेव्हा दोन मिनिटं जास्त काढून पीपीओवरचं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख वाचा. ते नाव आज घरात असलेल्या बाईचं नसेल, तर काका सही करू शकतात तोवरच अर्ज पाठवा.