प्लास्टिक सर्जन
प्लास्टिक सर्जन हे जन्मजात व्यंग, भाजणे, अपघात किंवा कर्करोग यांमुळे बिघडलेल्या अवयवांचे रूप व कार्य शस्त्रक्रियेने सुधारणारे तज्ज्ञ डॉक्टर असतात. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया हा या शाखेचा केवळ एक भाग आहे. नावातील 'प्लास्टिक' हा शब्द 'घडवणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

शिक्षण

भारतात एम.बी.बी.एस.नंतर सामान्य शल्यचिकित्सेत ३ वर्षांची एम.एस. व त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत ३ वर्षांची एम.सीएच. ही पदवी घेण्याचा मार्ग रूढ आहे. सौंदर्योपचारांचे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र हे या प्रशिक्षणाला पर्याय ठरत नाही.

कौशल्ये

हस्तकौशल्याइतकेच त्वचेच्या रक्तपुरवठ्याचे ज्ञान महत्त्वाचे असते. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या नाकाच्या पुनर्रचनेचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात कपाळावरील त्वचा पूर्णपणे न तोडता खाली वळवून नाकावर बसवली होती. जोडलेल्या भागातून रक्त मिळत राहिल्यानेच ती जगली. आज सूक्ष्मदर्शकाखाली एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या जोडून ऊती शरीराच्या दूरच्या भागातही रोपता येतात. त्यासाठी स्थिर हात, प्रमाणबद्धतेची जाण व दीर्घकाळ एकाग्रता लागते.

निर्णयक्षमता

व्रण पूर्णपणे नाहीसा करता येत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगणे हे सर्जनचे कर्तव्य असते. अपेक्षा अवास्तव असल्यास किंवा रुग्ण स्वतःच्या रूपाविषयीच्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्यास शस्त्रक्रिया नाकारणे हेही चांगल्या सर्जनचे लक्षण मानले जाते.