मुलाखतीला जाताना

नोकरी देण्याआधी साहेब समोर बसवून प्रश्न विचारतात. त्याला मुलाखत म्हणतात. तिला भिऊ नये. तयारी करावी.

मालेगावात गल्लोगल्ली यंत्रमाग चालतात. तिथला एक मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, मी नुसता मागावर राबलो. साहेबाला काय सांगू?"

आम्ही विचारले, "धागा तुटला की काय करतोस?"

"लगेच माग थांबवतो. धागा सांधतो. नाहीतर कापड बिघडतं."

"मग हेच सांग!" आम्ही म्हणालो. लक्ष आणि जबाबदारी, दोन्ही यात आले की नाही?

चार दिवस रोज संध्याकाळी आम्ही साहेब होऊन त्याला प्रश्न विचारले. आधी तो खाली बघून पुटपुटायचा. मग समोर बघून बोलू लागला. येत नसेल तिथे "येत नाही, शिकेन" म्हणू लागला. पहिल्या ठिकाणी त्याला नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी मिळाली.

आणखी एक ध्यानात ठेवा. केंद्र सरकारने लिपिकासारख्या खालच्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. "अशा नोकरीच्या मुलाखतीत पोराला पास करतो," म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो ठग समजा. घामाचा पैसा त्याला देऊ नका.