भजीवाल्याची नोंदणी, सुईवाल्याला मोकळं रान

महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनालाही रांग आणि दर्ग्यातही गर्दी. अशा यात्रेत कढई मांडणाऱ्या भजीवाल्यालाही 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. छोट्या विक्रेत्यासाठी तिची फी वर्षाला 100 रुपये ठरली. सगळे ती करतात असं नाही, पण नियम आहे. मात्र यात्रेतल्या पालात यंत्र घेऊन कुणी दंडावर नाव गोंदू लागला, तर त्याच्यासाठी असा नियमच नाही. गोंदण आणि अंग टोचण्याच्या धंद्यासाठी देशात स्वतंत्र कायदा झालेला नाही. भजी पोटात जाते, सुई रक्तात. ज्याची नोंद आधी व्हायला हवी, त्यालाच मोकळं रान मिळालं आहे.

यातला धोका सरकारला ठाऊक नाही असं म्हणता येत नाही. रक्तपेढीत गेलात की गोंदून किंवा टोचून घेतलंय का, असं विचारतात. उत्तर 'हो' असेल तर 12 महिने रक्त घेत नाहीत. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस तग धरतो, म्हणून ही खबरदारी. सिकलसेलमुळे रक्ताची गरज मोठी असलेल्या पूर्व विदर्भात प्रत्येक रक्तदाता मोलाचा. त्याला वर्षभर थांबवणारं सरकार सुई धरणाऱ्या हाताला मात्र एक प्रश्न विचारत नाही. शाईचीही तीच गत. 2025 मध्ये कर्नाटकच्या आरोग्य खात्याने गोंदणाच्या शाईत जड धातू सापडल्याचं सांगून केंद्राकडे मानकं मागितली. युरोपीय संघाने शाईतल्या हजारो रसायनांवर 2022 पासूनच मर्यादा घातल्या आहेत.

गोंड बाया पिढ्यान्‌पिढ्या गोंदून घेत आल्या, त्यांना काय झालं, असं कुणी म्हणेल. काय झालं ते कळायला मार्गच नव्हता. कावीळ ब कित्येकदा वर्षानुवर्षं गप्प राहून मग यकृत पोखरते. त्याचा संबंध जुन्या सुईशी कोण जोडणार? परंपरेचा मान राखायचा तर गोंदणारणीला हाकलून नव्हे, तिला स्वस्तात निर्जंतुक सुया आणि चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन. सोनारानेच कान टोचावेत हे खरं, पण सोनाराची तार उकळलेली हवी. आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या टोचणी-बंदुका तर दाबाच्या वाफेत निर्जंतुक करताच येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नियम आला की इन्स्पेक्टर येतो, आणि त्याच्यामागे हप्ता. म्हणूनच परवान्याची शिडी नको, साधी नोंदणी पुरे. इंग्लंड-वेल्समध्ये 1982 च्या कायद्याने हे काम स्थानिक संस्थांकडे दिलं. 18 वर्षांखालच्यांना गोंदायला बंदी तर ब्रिटनमध्ये 1969 पासून आहे. आपल्याकडे यात्रेतल्या पालांना जागा देतानाच ग्रामपंचायतीला आरोग्यसेवकाकडून सुया आणि त्यांचा डबा पाहून घेता येईल.

तोवर गोंदायला बसण्याआधी सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि शाई नव्या टोपणात ओतून घ्या. समोरचा कां-कू करू लागला, तर उठून चालू लागा.